देवघर एक, चुली चार: अशा घराची नोंद 'एकत्र' म्हणून करावी की 'विभक्त' म्हणून?

दांडियाबाजारकर (प्रश्न)

बडोद्यातील जुन्या मराठी वस्तीत, म्हणजे मुख्यतः दांडिया बाजार, रावपुरा आणि बाबाजीपुरा या भागांत, संस्थान 1949 मध्ये विलीन झाल्यापासून आजपर्यंत घरांची रचना कशी बदलत गेली याचे एक टिपण मी तयार करीत आहे. जुन्या शिधापत्रिका, वारसाईच्या वेळी केलेले पेढीनामे (वंशावळीचे कागद), घरोघरच्या लग्नपत्रिका आणि ज्येष्ठ मंडळींनी सांगितलेली माहिती एवढी सामग्री हाताशी आहे. 1961, 1981, 2001 आणि आज अशा चार टप्प्यांवर प्रत्येक घर एकत्र होते की विभक्त हे ठरवून तक्ता मांडायचा आहे. परंतु पहिल्याच वाड्यापाशी गाडे अडले आहे.

त्या वाड्याची हकिगत अशी. मूळ गृहस्थ गायकवाड सरकारच्या खासगी खात्यात कारकून होते. 1961 मध्ये ते हयात होते आणि त्यांचे तिन्ही मुलगे बायकामुलांसह एकाच स्वयंपाकघरात जेवत असत. ते वारल्यानंतर काही वर्षांनी तीन भावांच्या तीन चुली झाल्या आणि आईने माजघरालगतच्या खोलीत स्वतःचा स्टोव्ह मांडला. तिचे सोवळे सुनांना झेपेना, असे एक सून सांगते. सुनांचे आपसांतच पटेना आणि आईला कोणाचीच बाजू घ्यायची नव्हती, असे दुसरी सांगते. ते काही असो, चुली चार झाल्या. तरीही वाडा सर्वांच्या नावे होता, घरपट्टी सामाईक भरली जाई, देवघर एकच होते, आणि गौरी-गणपती व नवरात्र थोरल्याकडे होऊन खर्चाची वर्गणी तिघे देत. पुढे मधला भाऊ बडोद्याच्याच मांजलपूर भागात टेनामेंट घेऊन राहायला गेला, पण देवाचे टाक वाड्यातच राहिले आणि अष्टमीला तो सहकुटुंब तेथेच जेवायला येत राहिला. आज वाड्यात थोरल्याची विधवा पत्नी, तिचा मुलगा, सून व नात, आणि दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ व त्याची पत्नी अशी मंडळी आहेत. धाकट्याची एकुलती मुलगी कॅनडात असते.

1981 च्या रकान्यात हे एक एकत्र कुटुंब धरावे, की तीन विभक्त कुटुंबे आणि एक एकटी राहणारी वृद्धा, असे चार आकडे लिहावेत? दोन्हींपैकी काहीही लिहिले तरी निम्मे खोटे लिहिल्यासारखे वाटते.

निवृत्त_प्राध्यापक

आपण एकाच रकान्यात दोन वेगळ्या गोष्टी मोजू पाहत आहात, अडचण त्यामुळे आली आहे. कोण कोणाबरोबर राहतो व जेवतो ही एक गोष्ट. आणि मालमत्ता, देवधर्म, अडीअडचणीला धावून जाण्याची जबाबदारी यांनी कोण कोणाशी बांधलेला आहे ही दुसरी. जनगणनेला फक्त पहिल्या गोष्टीशी कर्तव्य असते. सामान्यतः एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, अशी तिची व्याख्या आहे. त्या हिशेबाने 1981 साली आपल्या वाड्यात चार कुटुंबे होती, आणि गणना करणाऱ्याने चार वेगळ्या ओळी भरल्या असतील तर त्याने चोख काम केले असे म्हणावे लागेल.

इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाचे वर्णन करताना एक छप्पर, एका चुलीवरचे अन्न, सामाईक मालमत्ता, सामाईक पूजाअर्चा आणि विशिष्ट नाते अशा पाच खुणा एकत्र सांगितल्या होत्या. आपल्या वाड्यात 1981 मध्ये त्यांपैकी चार आहेत, एक नाही. या खुणा एकाच वेळी गळून पडत नाहीत. एकेक खूण वेगवेगळ्या दशकात, वेगवेगळ्या कारणाने जाते, आणि आपल्या टिपणाचा खरा विषय तोच आहे असे मला वाटते.

हा प्रश्न बडोद्याला नवीन नाही, हेही सांगायला हवे. एम. एन. श्रीनिवास यांनी 1951 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू केला आणि त्याच विभागाशी संबंधित दोन अभ्यासकांनी या वादाला देशभरात दिशा दिली. आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा गावाच्या पाहणीत असे मांडले की, केवळ राहण्यावरून कुटुंबाला विभक्त ठरवणे चूक आहे. त्यांनी एकत्रपणाच्या पायऱ्या केल्या: काहीच संबंध नसलेले घर, परस्परांविषयी कर्तव्ये पाळणारे घर, सामाईक मालमत्ता असलेले घर, आणि त्यापुढे प्रत्यक्ष एकत्र राहणारे घर. ए. एम. शाह यांनी दुसऱ्या बाजूने असा आग्रह धरला की, राहते घर आणि कुटुंबाचे व्यापक नाते या दोन वस्तू लिहिताना कधीही मिसळू नयेत. खेडा जिल्ह्यातील राधवाणज गावाच्या 1825 मधील नोंदींवरून त्यांनी दाखवले की, ज्या काळाला आपण सरसकट एकत्र कुटुंबांचा काळ समजतो त्या काळातही साध्या रचनेची लहान घरे मोठ्या संख्येने होती.

म्हणून दोन रकाने करा. पहिल्यात चुलीप्रमाणे प्रकार लिहा आणि दुसऱ्यात सामाईक काय काय उरले आहे ते लिहा. पहिल्या रकान्यासाठी पॉलिन कोलेंडा यांनी 1968 मध्ये सुचवलेले वर्गीकरण आजही उपयोगी पडते, कारण त्यात एकत्र व विभक्त अशी दोनच खोकी नाहीत. नवरा, बायको व अविवाहित मुले हे केंद्र कुटुंब. त्यात विधवा आई किंवा अविवाहित दीर आला की पूरक केंद्र कुटुंब. आई-वडील आणि विवाहित मुलगा मिळून उभे एकत्र कुटुंब. विवाहित भाऊ मिळून आडवे एकत्र कुटुंब. आणि दोन्ही असतील तर उभे-आडवे. आपला वाडा 1961 मध्ये उभा-आडवा होता. आज थोरल्याची शाखा पूरक केंद्र कुटुंबात मोडते. 'एकत्र मोडले, विभक्त आले' या एका वाक्यात हे बसणारे नाही.

आकडेमोड

प्राध्यापक महाशयांच्या मुद्द्याला मी संख्येच्या बाजूने थोडी जोड देतो, कारण या विषयात पूर्वीचे सर्व काही एकत्र आणि आताचे सर्व काही विभक्त अशी सरळ उतरती रेघ मनात धरूनच लोक बोलायला सुरुवात करतात.

भारतात दर कुटुंबामागे माणसांची सरासरी 1951 मध्ये पाचाच्या आसपास होती. ती पुढे घटली नाही, उलट 1981 पर्यंत वाढून साडेपाचाच्या घरात गेली. घसरण त्यानंतरची आहे: 2001 मध्ये 5.3, 2011 मध्ये 4.9. 2021 ची जनगणना झालीच नाही, पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत ही सरासरी 4.4 आली. म्हणजे आपल्याकडे आधी चढ आहे आणि मग उतार.

चढाचे कारण मृत्यूत आहे. 1940 च्या दशकात जन्मलेल्या मुलाचे अपेक्षित आयुर्मान सुमारे 32 वर्षे होते. हा आकडा बालमृत्यूंमुळे खाली ओढला गेलेला असतो, त्यामुळे साठी कोणी गाठतच नसे असा त्याचा अर्थ नव्हे. पण मुलाच्या लग्नापर्यंत आई आणि वडील दोघेही हयात असणे ही त्या काळी गृहीत धरण्यासारखी गोष्ट नव्हती. बडोदे संस्थानाची लोकसंख्या 1891 मध्ये सुमारे 24 लाख होती, ती छप्पनच्या (संवत 1956, म्हणजे 1899-1900 च्या) दुष्काळानंतर 1901 च्या गणनेत साडेएकोणीस लाखांवर आली. इतकी माणसे जिथे दहा वर्षांत कमी होतात, तिथे तीन पिढ्या एका पंगतीला बसणार कशा? स्वातंत्र्यानंतर मृत्यू आटोक्यात आले, आजोबा टिकले, मुले जगली, आणि घरे भरली. ज्याला आपण परंपरागत भरलेले घर म्हणतो, ते पुष्कळदा 1950 ते 1980 या तीन दशकांचे घर असते, कारण सांगणाऱ्याचे बालपण त्याच दशकांतले असते.

उताराचे कारण जन्मात आहे. 1971 च्या सुमारास एका स्त्रीमागे मुलांची सरासरी 5.2 होती, 1992-93 मध्ये 3.4 आणि 2019-21 मध्ये 2.0 झाली. गुजरातेत ती 1.9 आहे. याचा परिणाम आपल्या वर्गीकरणावर किती थेट होतो ते पाहा. ज्या दांपत्याला दोनच मुले आहेत, त्यांच्यापैकी दोन्ही मुलगे असणारी घरे ढोबळमानाने चारांत एक भरतात, आणि एकाच मुलावर थांबलेल्या घरात तर प्रश्नच उरत नाही. विवाहित भावांचे एकत्र कुटुंब हवे असेल तर आधी भाऊ हवेत. दांडिया बाजारात भाऊ भांडून वेगळे झाल्याच्या कथा पुष्कळ ऐकायला मिळतील आणि त्या खऱ्याही असतील. पण 2001 नंतरच्या आपल्या रकान्यात आडवे एकत्र कुटुंब दिसेनासे झाले, तर त्याचा दोष स्वभावाला देण्यापूर्वी त्या पिढीत किती घरांत दोन मुलगे होते हे मोजून घ्या. आपल्याच वाड्यात धाकट्याला एक मुलगी आहे आणि थोरल्याला, आपण लिहिल्यावरून, एक मुलगा. या दोन शाखांत फुटायला कोणी उरलेलेच नाही.

आणखी एक सूचना. केवळ घरे मोजू नका, माणसेही मोजा. समजा दहा घरांपैकी सात घरांत चार-चार माणसे आहेत आणि तीन घरांत आठ-आठ. घरांच्या हिशेबाने एकत्र कुटुंबे 30 टक्के, पण 52 माणसांपैकी 24 माणसे, म्हणजे 46 टक्के, त्या तीन घरांत राहतात. एकच वस्ती, दोन वेगळी चित्रे.

शिवाय घराचा आकार पाहून प्रकार ठरवू नये. सहा मुलांचे विभक्त घर आठ माणसांचे असते आणि तीन पिढ्यांचे आजचे घर पाचांचे.

मूळ_बडोदेकर_पुणे

माझ्या पाहण्यात या बदलाचे सर्वांत ठळक कारण नोकरीचे क्वार्टर हे आहे. बडोद्याजवळच्या कोयलीची रिफायनरी 1965 मध्ये सुरू झाली, त्याच दशकात खताचा कारखाना आला, पाठोपाठ पेट्रोकेमिकल्स आले. जवाहरनगर आणि फर्टिलायझरनगर या वसाहतींत घर मिळे ते कर्मचारी, पत्नी, मुले आणि फार तर आश्रित आई-वडील यांच्यासाठी. भावाला तेथे जागा नव्हती. वाड्यातून बाहेर पडण्यासाठी भांडण करावे लागले नाही, नेमणूकपत्र पुरले. आमच्याकडे वडिलांनी वैद्यकीय सवलतीसाठी आजी-आजोबांची नावे आपल्यावर लावली होती. दोघे प्रत्यक्षात शेवटपर्यंत रावपुऱ्यात थोरल्या काकांकडेच राहिले.

वकील_कारेलीबाग

वरील शेवटचे वाक्य प्रश्नकर्त्यांनी नीट लक्षात ठेवावे, कारण आपली बहुतेक सामग्री कागदाची आहे आणि कागदावरचे कुटुंब कोणत्या तरी हेतूने लिहिलेले असते.

शिधापत्रिका घ्या. साखर आणि रॉकेल पत्रिकेवर मिळत असल्याने एकत्र जेवणाऱ्या घरांतही पत्रिका वेगळ्या करून घेण्याची पद्धत होती. याच्या उलट प्रकार भाडेकरूंच्या घरी दिसतो. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानुसार मूळ भाडेकरू वारल्यावर त्याच्यासह राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळत असे. साहजिकच बाहेरगावी स्थायिक झालेल्या मुलाचे नावही वाड्यातील पत्रिकेवरून कमी केले जात नसे. म्हणजे मालकांच्या पत्रिका घर फुटल्याचे आधीच दाखवतात आणि भाडेकरूंच्या पत्रिका फुटलेले घर पुष्कळ वर्षे एकत्र दाखवतात. आपल्या तक्त्यात मालक आणि भाडेकरू वेगळे ठेवले नाहीत, तर या दोन चुका एकमेकींत मिसळतील आणि निष्कर्ष कशाचा निघाला हे कळणार नाही.

प्राप्तिकरासाठी हिंदू अविभक्त कुटुंब हा स्वतंत्र करदाता असतो. त्या सोयीसाठी तीन शहरांत राहणारे भाऊ कागदावर एकच कुटुंब म्हणून टिकून असतात. 31 डिसेंबर 1978 नंतर झालेली अंशतः वाटणी प्राप्तिकर कायदा मानत नाही. म्हणून आपल्या वाड्याच्या वाटणीपत्राची तारीख कोणतीही निघाली, तरी तिचा चुलींशी संबंध असेलच असे समजू नका.

पेढीनाम्याविषयी इतकेच सांगतो की, तो वंश दाखवतो, वस्ती दाखवत नाही. जुन्या पेढीनाम्यांत मुलींची नावे गाळलेलीही आढळतात. 1956 च्या उत्तराधिकार कायद्याने वडिलांच्या हिश्श्यात मुलीला वारस केले. 9 सप्टेंबर 2005 पासून ती मुलाप्रमाणे जन्मतःच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेची हक्कदार, झाली. आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. आता वाडा विकताना किंवा पाडून नवीन इमारत बांधताना सर्व बहिणींच्या सह्या लागतात आणि त्यांच्याकडून हक्क सोडल्याचे लिहून घेण्याची धावपळ होते. ज्या बहिणीचे नाव चाळीस वर्षे कोणत्याच कागदावर नव्हते, तिच्या सहीवाचून सामाईक मालमत्ता हलत नाही. देसाईंच्या पायऱ्यांवर ही नात्याची गाठ कोठे बसवायची, हे प्राध्यापकांनीच सांगावे.

मांजलपूरहून

मी वाड्यातली सून होते आणि आता मांजलपूरला स्वतःच्या घरात राहते, त्यामुळे चूल वेगळी होणे म्हणजे काय हे मी आतून पाहिले आहे. आपल्या सर्वांच्या लिहिण्यात चुलीचा उल्लेख वारंवार आला, पण ती चालवायला काय लागे याचा आला नाही.

आमच्या वाड्यात आजवा तलावाचे पाणी सकाळी ठरावीक वेळ येई आणि नळ एकच होता. मोरी एक, पाण्याचे पिंप एक, सरपण व कोळसा ठेवायची जागा एक. दुसरे स्वयंपाकघर करायचे तर दुसरी मोरी काढावी लागे, आणि ती काढायला सासऱ्यांची परवानगी व गवंडी दोन्ही लागत. गॅसची शेगडी आणि कुकर आल्यावर कोपऱ्यातल्या खोलीतही चारजणांचा स्वयंपाक होऊ लागला. आमच्याकडे भांडणे पूर्वीही होती. वेगळे शिजवण्याची सोय मात्र नंतर झाली. प्रश्नकर्त्यांनी ज्येष्ठ स्त्रियांना 'वेगळ्या कधी झालात' असे विचारल्यास त्या गप्प बसतील, कारण त्या प्रश्नात दोषारोप ऐकू येतो. 'तुमच्याकडे पहिला सिलिंडर कोणत्या साली आला आणि तो कोणाच्या नावावर होता' असे विचारा. साल, महिना आणि कोणत्या जावेने काय म्हटले तेही मिळेल.

दुसरे असे की, पूरक केंद्र कुटुंब म्हणून जी विधवा आई आपण लिहिणार आहात, ती कोणाची आई आहे तेही लिहा. माझ्या आईला मी माझ्याकडे आणले आहे, कारण आम्ही दोघी बहिणीच आहोत. माझ्या सासूबाईंच्या पिढीत मुलीच्या घरचे पाणीही न पिणारी माणसे होती. आज आमच्याच सोसायटीत मुलीकडे राहणारे आई-वडील आहेत आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तक्त्यात फक्त 'विधवा आई' असे लिहिले, तर माझे घर आणि थोरल्या भावाचे घर एकाच रकान्यात जाऊन बसेल आणि या सत्तर वर्षांत घडलेली मोठी गोष्ट दिसणारच नाही.

दांडियाबाजारकर

सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी सुचवलेला सिलिंडरचा प्रश्न मी नक्की वापरीन. माझी आणखी एक अडचण आहे. काही घरांत आई किंवा वडील पाळीने राहतात: चार महिने बडोद्याला थोरल्याकडे, चार महिने पुण्याला धाकट्याकडे, उरलेले मुलीकडे. दोन घरांत तर वडील एका मुलाकडे आणि आई दुसऱ्याकडे अशी विभागणी आहे. यांना कोठे मोजावे?

निवृत्त_प्राध्यापक

जनगणनेचा नियम असा की, मोजणीच्या काळात माणूस सामान्यतः जेथे राहत असेल तेथे त्याची एकदाच नोंद व्हावी. आरोग्य सर्वेक्षणात नेहमी राहणारे आणि आदल्या रात्री तेथे झोपलेले पाहुणे अशा दोन याद्या करतात. आपल्याला तीच पद्धत सोयीची पडेल. प्रत्येक टप्प्यासाठी एक तारीख पक्की करा, त्या दिवशी जो जेथे जेवत होता तेथे त्याला मोजा, आणि पाळीच्या माणसांपुढे खूण करून ते आणखी कोणकोणत्या घरांत राहतात ते शेजारी लिहा. तारीख दिवाळी किंवा नवरात्रातील धरू नका. त्या आठवड्यात बडोद्यातील प्रत्येक वाडा एकत्र कुटुंब असतो.

वकीलसाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, देसाईंच्या पायऱ्यांत सामाईक मालमत्तेची पायरी आहे, परंतु ती भावांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती. बहिणीसाठी वेगळा रकाना करावा लागेल, आणि 'मांजलपूरहून' यांनी सांगितलेली आईची नोंदही त्यातच घेता येईल. सामाईक काय उरले हे लिहिताना वाडा, कर, देवधर्म, आजारपणाचा खर्च आणि आई-वडिलांचे पालनपोषण असे पाच वेगळे प्रश्न विचारा आणि प्रत्येकाचे साल घ्या. देवधर्म सर्वांत शेवटी सुटतो असा माझा अंदाज आहे. आपल्या वाड्यात तरी टाक अजून जागचे हललेले दिसत नाहीत. इतर घरांचे काय निघते, ते येथे अवश्य कळवा.

एकाच घराची चार टप्प्यांवरची स्थिती लिहिताना त्या त्या वर्षी घरातील थोरल्या दांपत्याचे वयही लिहा. नवीन लग्न झालेले जोडपे वेगळे राहते, वीस-पंचवीस वर्षांनी त्यांच्याकडेच सून येते आणि घर पुन्हा उभे एकत्र होते. वय लिहिले नसेल, तर हा नेहमीचा फेरा आणि काळाने झालेला बदल यांतील फरक आपल्या तक्त्यावरून कोणालाच ओळखता येणार नाही.